बाळाला ऐकू येतंय ना? शंका आली त्या दिवसापासून काय करायचं

माझी मुलगी तीन महिन्यांची असताना मी तिच्या पाळण्यामागे उभी राहून टाळी वाजवली. ती दचकली. पुन्हा वाजवली, ती पुन्हा दचकली. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी झालेल्या श्रवणचाचणीच्या कागदावर दोन्ही कानांपुढे 'रेफर' लिहिलेलं होतं आणि महिन्याभरात परत आणा असं सांगितलं होतं. ते राहून गेलं होतं. त्या टाळीनंतर मी निर्धास्त झाले आणि कागद फाइलमध्ये गेला. ती सात महिन्यांची झाल्यावर कळलं की तिच्या दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचा श्रवणदोष आहे. टाळी तिला ऐकू येत होती. माझं बोलणं बरंचसं येत नव्हतं.

मधले चार महिने वाया गेले याची खंत अजून आहे. ज्यांच्या हातात असा कागद नुकताच पडलाय, किंवा कागद स्वच्छ असूनही ज्यांच्या मनात काहीतरी खटकतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. पण या वाटेवर बरीच वर्षं आहे आणि इथे जे सांगते ते श्रवणतज्ज्ञांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेलं आहे.

पायरी १ : घरच्या टाळीवर निकाल लावू नका

घरी आपण सगळेच हे करतो. टाळी वाजवतो, भांडं आपटतो, मागून हाक मारतो. त्यातून उत्तर मिळत नाही, आणि ते का मिळत नाही हे नीट समजलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. कुजबुज साधारण ३० डेसिबलची, हातभर अंतरावरून चाललेलं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं, आणि जवळून वाजवलेली टाळी त्याहून बरीच मोठी. ज्या बाळाला ५० डेसिबलच्या खालचं काही ऐकू येत नाही ते टाळीला दचकणारच. पण आईचा खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आलेला आवाज, शब्दांची हलकी टोकं, आजूबाजूला चाललेल्या गप्पा, हे त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि भाषा शिकायला नेमकं हेच लागतं.

दुसरी गोष्ट, सगळे आवाज एका पट्टीतले नसतात. 'म' आणि 'ऊ' हे खालच्या पट्टीतले, 'स', 'श', 'फ' हे वरच्या पट्टीतले आणि मुळात हळू. फक्त वरच्या पट्टीचं ऐकू न येणारं बाळ दार आपटलं की वळतं, ढोल वाजला की वळतं, आणि 'आलास', 'केलंस' यांतला शेवटचा 'स' मात्र त्याच्यासाठी नसतोच. असं बाळ ऐकतंय असंच घरातल्या सगळ्यांना वाटत राहतं.

शिवाय बाळं कानाखेरीज इतर वाटांनीही जग टिपत असतात. टाळीबरोबर हवेचा झोत येतो, भांडं पडलं की जमीन हादरते, आपली सावली सरकते. एकाच कानाने ऐकू येणारं बाळही दचकतं. उलटही खरं आहे. झोपेत असलेलं, भुकेलेलं किंवा खेळण्यात गुंतलेलं बाळ उत्तम ऐकू येत असूनही ढुंकून बघत नाही. म्हणजे ही परीक्षा दोन्ही बाजूंनी फसवी आहे.

मग घरी काहीच बघायचं नाही का? बघायचं, पण निकाल लावायला नाही, नोंद ठेवायला. पहिल्या तीन महिन्यांत ओळखीच्या आवाजाने बाळ शांत होतं का, मोठ्या आवाजाने दचकतं का. चार ते सहा महिन्यांत आवाज आला त्या बाजूला डोळे किंवा मान वळते का. सहा ते नऊ महिन्यांत नावाने हाक मारली की बघतं का. आणि दहाव्या महिन्यापर्यंत 'बाबाबा', 'दादादा' अशी व्यंजनांची साखळी सुरू झाली का. ही शेवटची खूण मला सगळ्यांत मोलाची वाटते. ऐकू न येणारी बाळंही सुरुवातीला हुंकार देतात, खिदळतात, आवाज काढतात. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काही वेगळं जाणवत नाही. फरक पुढे दिसतो. व्यंजनांची साखळी येतच नाही, किंवा असलेली बडबड हळूहळू ओसरते. माझ्या मुलीचं हे दुसरं झालं होतं. घर शांत होत गेलं आणि आम्ही म्हणत राहिलो, 'गुणाची पोर आहे, त्रास देत नाही.'

मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा, तारखेसकट. तज्ज्ञांना त्यांचा उपयोग होतो. आणि आईबापांना वाटणारी शंका हीच स्वतंत्रपणे श्रवणचाचणीचं पुरेसं कारण मानली जाते. 'उगाच घाबरताय' असं कोणी म्हटलं तरी चाचणी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पायरी २ : कागद वाचा

नवजात बाळाची श्रवणचाचणी दोन पद्धतींनी होते. तुमच्या बाळाची कोणती झाली हे शोधा, कारण दोन्हींना दिसतं ते वेगळं.

पहिली ओएई. १९७८ साली ब्रिटनमधले शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिलं की निरोगी कान आवाज नुसता आत घेत नाही, तो अतिशय क्षीण असा आवाज परतही देतो. हा परतीचा आवाज अंतर्कर्णातल्या शंखासारख्या भागात, म्हणजे कॉक्लिआत, असलेल्या बाहेरच्या केसपेशी निर्माण करतात. बाळाच्या कानात मऊ टोकाचा छोटा प्रोब बसवतात, तो टिकटिक आवाज पाठवतो आणि परतीचा आवाज टिपतो. काही मिनिटांचं काम, दुखत अजिबात नाही.

दुसरी स्वयंचलित एबीआर. इथे कपाळावर आणि कानामागे किंवा मानेवर छोट्या पट्ट्या चिकटवतात आणि साधारण ३५ डेसिबलचा हलका आवाज दिल्यावर श्रवणचेतेतून मेंदूकडे विद्युतसंदेश जातो का हे यंत्र बघतं. म्हणजे ओएई कॉक्लिआपर्यंत बघते, एबीआर त्याच्या पुढच्या वाटेपर्यंत. म्हणूनच नवजात अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळासाठी नुसती ओएई पुरत नाही, एबीआर व्हायलाच हवी. अशा बाळांमध्ये कॉक्लिआ ठीक पण पुढे संदेशच विस्कळीत, असा ऑडिटरी न्यूरोपॅथी नावाचा दोष जास्त आढळतो, आणि ओएई त्याला 'पास' देऊन मोकळी होते.

'रेफर' म्हणजे 'नापास' नव्हे आणि 'बहिरं' तर नव्हेच. त्याचा अर्थ एवढाच की यंत्राला आज हवा तो प्रतिसाद मिळाला नाही. जन्मानंतरच्या एकदोन दिवसांत कानाच्या नळीत पांढरा चिकट थर असतो, पडद्यामागे गर्भजल राहिलेलं असतं, बाळ रडत किंवा हलत असतं, खोलीत गोंगाट असतो. जन्मजात कायमचा श्रवणदोष दर हजार बाळांमागे साधारण १ ते ३ बाळांना असतो. 'रेफर' त्याहून कितीतरी जास्त बाळांना मिळतं. तेव्हा धीर धरायला भरपूर जागा आहे. फक्त हा धीर फेरतपासणी करून घेऊन धरायचा, ती टाळून नाही. मी नेमकं उलटं केलं.

फेरतपासणीचे दोन बारकावे. एकाच कानात 'रेफर' असलं तरी दुसऱ्यांदा दोन्ही कान तपासून घ्या. आणि दुसऱ्यांदाही 'रेफर' आलं तर तीच चाचणी तिसऱ्या-चौथ्यांदा करत बसू नका. पुन्हा पुन्हा केल्यावर कधीतरी योगायोगानेही 'पास' येतं, आणि तोवर आठवडे निघून गेलेले असतात. तिथून थेट निदानाच्या चाचणीकडे जायचं.

आता एक निकडीची गोष्ट. बाळ तीन आठवड्यांच्या आतलं असेल आणि श्रवणचाचणीत 'रेफर' आलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना आजच विचारा: 'सीएमव्हीची तपासणी करायची का?' सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू गर्भातच बाळाला गाठू शकतो. आनुवंशिक नसलेल्या जन्मजात श्रवणदोषामागे तो सगळ्यांत जास्त वेळा आढळतो. बाळाच्या लघवीतून किंवा लाळेतून तो तपासता येतो, पण जन्मानंतर २१ दिवसांच्या आत. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो पोटात असताना आला की नंतर, हे त्या तपासणीवरून ठरत नाही. काही बाळांना यावर औषध देता येतं आणि तेही लवकर सुरू करावं लागतं. बाकी सगळ्याला आठवड्यांची मुदत आहे, हिला दिवसांची.

आणि 'पास' असेल तर? आनंद माना, पण तो जन्मभराचा दाखला नाही. काही श्रवणदोष नंतर सुरू होतात किंवा हळूहळू वाढतात, आणि सौम्य दोष पहिल्या चाचणीतून निसटूही शकतो. घराण्यात कोणाला लहानपणापासून ऐकू कमी येतं. बाळाला रक्त बदलावं लागेल इतकी तीव्र कावीळ झाली. जन्मताना प्राणवायू कमी पडला. जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखी इंजेक्शनं पाच दिवसांहून जास्त दिली. गरोदरपणात सीएमव्ही, रुबेला, टॉक्सोप्लाझ्मा किंवा सिफिलिसचा संसर्ग झाला. बाळाच्या कानाची किंवा टाळूची घडण वेगळी आहे. यांतलं एकही लागू असेल तर 'पास' असूनही पुढच्या तपासण्यांचं वेळापत्रक मागून घ्या. नंतर बाळाला जिवाणूंमुळे मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह, झाला, तर बरं झाल्यावर श्रवणचाचणी ताबडतोब करायची. या आजारानंतर कॉक्लिआच्या आत हाड तयार होऊ लागू शकतं आणि मग कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कॉक्लिआत बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राचा, मार्ग अवघड होत जातो.

पायरी ३ : तीन तारखा भिंतीवर लिहा

जगभरातले श्रवणतज्ज्ञ १-३-६ हा आकडा धरून चालतात. १ महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, ३ महिन्यांच्या आत पक्कं निदान, ६ महिन्यांच्या आत उपचार आणि भाषेची मदत सुरू. जिथे हे जमतं तिथे आता १-२-३ चा आग्रह धरला जातो.

ही घाई कशासाठी, हे मला आधी कोणी समजावून सांगितलं असतं तर मी तो कागद फाइलमध्ये ठेवला नसता. बाळ गर्भात असतानाच, सुमारे सहाव्या-सातव्या महिन्यापासून, ऐकू लागतं. मेंदूतली ऐकण्याची आणि भाषेची जागा पहिल्या काही वर्षांत आवाजाच्या खुराकावर घडते. खुराक मिळाला नाही तर ती जागा वाट बघत बसत नाही, इतर कामांना लागते. १९९८ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी मांडलेला अभ्यास यासाठी नेहमी सांगितला जातो: सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. दोष सौम्य असो वा तीव्र, हा फरक दिसला.

तुमचं बाळ या तारखा ओलांडून गेलेलं असेल तर निराश होऊ नका. आज सुरू करणं हे पुढच्या महिन्यात सुरू करण्यापेक्षा नेहमीच चांगलं. माझी मुलगी सात महिन्यांची होती आणि आज तिची बडबड थांबवावी लागते.

पायरी ४ : निदानाची चाचणी

हिला बहुतेक ठिकाणी 'बेरा' म्हणतात. तत्त्व एबीआरचंच, पण इथे यंत्र 'पास-रेफर' म्हणून थांबत नाही. श्रवणतज्ज्ञ आवाज कमी-कमी करत प्रत्येक कानाला प्रत्येक पट्टीत किमान किती डेसिबल लागतात ते शोधतात. यासाठी बाळ गाढ झोपलेलं असावं लागतं, आणि खरी कसोटी हीच असते.

पहिल्या तीन-चार महिन्यांत हे नैसर्गिक झोपेत सहज जमतं. बाळ मोठं झालं की बऱ्याचदा झोपेचं औषध द्यावं लागतं. लवकर जाण्याचं हेही एक साधं, व्यवहारी कारण. औषध द्यायचं असेल तर उपाशी किती वेळ ठेवायचं, बाळावर लक्ष कोण ठेवणार, हे आधी विचारून घ्या.

नैसर्गिक झोपेसाठी आम्ही शिकलो ते असं. सकाळी बाळाला नेहमीपेक्षा लवकर उठवा आणि दुपारच्या आधीची झोप लांबवा. जाताना दोघं जा, एकाने बाळाशेजारी बसून त्याला जागं ठेवायचं. वाटेत दहा मिनिटांची डुलकी लागली की तिथे पोचल्यावर झोप येत नाही. दूध पाजणं तिथे पोचल्यावर, पट्ट्या चिकटवून झाल्यानंतर. त्या दिवशी डोक्याला आणि कपाळाला तेल किंवा मलम लावू नका, पट्ट्या सुटतात. बाळाची सवयीची चादर न्या. चाचणीला दीड-दोन तास लागू शकतात आणि एका बैठकीत ती पुरी होईलच असं नाही. परत बोलावलं तर ती तुमची चूक नव्हे आणि वाईट बातमीची चाहूलही नव्हे.

तिथे विचारायचे प्रश्न मी एका कागदावर लिहून नेले असते तर बरं झालं असतं. तुम्ही न्या. वेगवेगळ्या पट्ट्यांत मोजलं का, म्हणजे ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झला, की फक्त एकच टिकटिक आवाज वापरला? नुसत्या टिकटिक आवाजावरून पुढे लावायचं कानाचं मशीन नीट जुळवता येत नाही. हाडामार्गे, म्हणजे कानामागच्या हाडावर कंपन देऊन, मोजलं का? पडद्यामागची स्थिती बघायला टिम्पॅनोमेट्री केली का, आणि बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर ती १००० हर्ट्झच्या स्वराने केली का? मोठ्यांसाठी वापरतात तो २२६ हर्ट्झचा स्वर इतक्या लहान कानात फसवतो.

हाडामार्गे मोजण्यावर मी मुद्दाम भर देते. 'कानात पाणी आहे, ते जाऊ दे, मग बघू' हे वाक्य फार बाळांचे महिने खातं. पडद्यामागे पाणी असणं लहान मुलांत खरंच नेहमीचं आहे आणि ते बऱ्याचदा तीन महिन्यांत आपोआप जातं. पण पाण्याच्या मागे अंतर्कर्णाचा दोषही लपलेला असू शकतो. हाडामार्गे दिलेलं कंपन पडद्याला वळसा घालून थेट कॉक्लिआत जातं, त्यामुळे पाणी असतानाही आतलं कळतं. पाणी ओसरायची वाट बघत निदान पुढे ढकलायचं कारण उरत नाही.

पायरी ५ : निकाल समजून घ्या

'किती टक्के ऐकू येतं?' नातेवाईक हाच प्रश्न विचारतील, आपणही विचारतो. पण डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत. '५० डेसिबलचा श्रवणदोष' याचा अर्थ निम्मं ऐकू येतं असा होत नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होत जाते. ढोबळमानाने २६ ते ४० डेसिबल सौम्य, ४१ ते ५५ मध्यम, ५६ ते ७० मध्यम-तीव्र, ७१ ते ९० तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. 'सौम्य' या शब्दाने फसू नका. मोठ्या माणसाला भाषा आधीच येत असते, त्यामुळे गाळलेले शब्द तो अंदाजाने भरतो. बाळाकडे भरायला अजून शब्दच नसतात.

दोष कुठे आहे हेही विचारा. बाहेरच्या किंवा मधल्या कानात असेल तर आवाज पोचण्यात अडथळा आहे, आणि तो अनेकदा औषधाने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने सुटतो. अंतर्कर्णात असेल तर तो सहसा कायमचा. चेतेत असेल तर न्यूरोपॅथी. पहिले दोन मिळूनही असू शकतात. एकाच कानात असेल तर 'दुसरा आहे ना' म्हणून सोडू नका: आवाज कुठून आला हे ओळखायला आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढायला दोन कान लागतात.

मग प्रश्न येतो, का झालं? आणि त्याच्यामागून दुसरा, माझ्यामुळे झालं का? कायमचा श्रवणदोष असलेली ९० टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. जन्मजात दोषांपैकी निम्म्याहून अधिक आनुवंशिक असतात, तेही बहुधा असे की दोघंही आईबाप एकेक सुप्त जनुक घेऊन हिंडत असतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. जीजेबी२ हे जनुक त्यांत सगळ्यांत जास्त वेळा सापडतं. गरोदरपणात तुम्ही काय खाल्लंत, कुठे गेलात, कोणत्या आवाजात बसलात याचा त्याच्याशी संबंध नाही. हे मी आधी दुसऱ्यांकडून ऐकलं तेव्हा पटलं नव्हतं. जनुकतपासणीचा अहवाल हातात आल्यावर रात्री झोप लागू लागली.

कारण शोधायला नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि जनुकतज्ज्ञ लागतील. सोबत डोळ्यांची तपासणी जरूर करा, कारण हे मूल डोळ्यांवर जास्त विसंबणार आहे आणि काही आनुवंशिक प्रकारांत दृष्टीही पुढे मंदावते. दोन्ही कानांत अतितीव्र दोष असेल तर ईसीजीबद्दल विचारा; क्वचित आढळणारा एक प्रकार हृदयाच्या ठोक्यांच्या लयीशी जोडलेला असतो. मान उशिरा धरली, बसायला-चालायला वेळ लागला तर तेही सांगा, तोल सांभाळणारा अवयव कॉक्लिआच्या शेजारीच असतो. मात्र कारणाचा शोध महिनोन्‌महिने चालू शकतो. मशीन लावण्यासाठी त्याची वाट बघायची नाही.

पायरी ६ : मशीन, इम्प्लांट, भाषा

कानाचं मशीन काही आठवड्यांच्या बाळालाही लावता येतं. निदानानंतर महिन्याच्या आत ते कानावर यावं असा प्रयत्न करा. कानामागे बसणारं मशीन आणि कानाच्या मापाचा मऊ मोल्ड, असे त्याचे दोन भाग. बाळाचा कान झपाट्याने वाढतो, म्हणून पहिल्या वर्षात मोल्ड महिन्या-दोन महिन्यांनी, कधी त्याहूनही लवकर, बदलावा लागतो. शिट्टी वाजू लागली की बहुतेकदा मोल्ड सैल झालेला असतो, मशीन बिघडलेलं नसतं. बाळाची कानाची नळी इतकी लहान असते की तोच आवाज तिच्यात मोठा होतो. म्हणून कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष मोजून मशीन जुळवलं का, हे विचारा. कानाला नळीच नसेल तर डोक्यावरच्या मऊ पट्ट्यात बसणारं, हाडामार्गे आवाज देणारं मशीन मिळतं.

बाळ ते ओढणार, चावणार, फेकणार. सुती टोपी, क्लिप, दोरी, काहीही करा. जागेपणीचा सगळा वेळ ते कानावर असावं. रोज किती तास वापरलं याची नोंद मशीन स्वतः ठेवतं आणि श्रवणतज्ज्ञ ती बघतात. बॅटरीच्या खणाला कुलूप असलेलंच घ्या. बटणासारखी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तसं झाल्याचा संशय जरी आला तरी थेट रुग्णालयात.

रोज सकाळी मशीन लावल्यावर 'आ, ई, ऊ, म, श, स' हे सहा आवाज तोंड झाकून म्हणा. डॅनिएल लिंग यांनी निवडलेले हे आवाज बोलण्याच्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत पसरलेले आहेत. कालपर्यंत 'श'ला डोळे उचलणारं बाळ आज उचलत नसेल तर मोल्ड, बॅटरी किंवा कान, काहीतरी बघायला हवं.

दोन्ही कानांत तीव्र किंवा अतितीव्र दोष असेल आणि मशीनने बोलणं पोचत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार साधारण ९ ते १२ महिन्यांच्या वयापासून होतो. त्याआधी मशीन लावून बघतात, स्कॅन होतात, न्यूमोकॉकसची लस पूर्ण करतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू होतं आणि खरं काम तिथून सुरू होतं: ऐकायला शिकणं.

सांकेतिक भाषेबद्दल दोन टोकाची मतं कानावर येतील. माझं मत सांगते. खुणा शिकल्याने मूल बोलायला आळशी होतं ही भीती निराधार आहे. मेंदूला भाषा हवी असते, ती कानावाटे आली किंवा डोळ्यांवाटे. आवाज पोचायला वेळ लागणार असेल तर हातांची भाषा आजपासून देता येते, आणि नंतर कोणत्या वाटेने किती जायचं हे मूल आणि तुम्ही मिळून ठरवू शकता.

चाचणीची तारीख मिळेपर्यंत

बोलणं थांबवू नका. शंका आल्यावर अनेक घरं नकळत गप्प होतात, आमचंही झालं होतं. बाळाला जवळ घ्या, हातभर अंतरात या, तोंडावर उजेड येईल असे बसा, टीव्ही बंद करा आणि नेहमीच्या आवाजात बोला. ओरडू नका, त्याने शब्द वेडेवाकडे होतात. बाळ ज्याकडे बघतंय त्याच्याबद्दल बोला, हातांनी दाखवा, गाणं म्हणताना त्याला छातीशी धरा. निकाल काहीही लागला तरी यातलं काही फुकट जाणार नाही. कानात थेंब, तेल, काडी यांपैकी काहीही स्वतःहून घालू नका.

फोनवर नेमकं काय म्हणायचं हे सुचत नसेल तर हे वाचून दाखवा: 'माझं बाळ इतक्या आठवड्यांचं आहे. जन्मानंतरच्या श्रवणचाचणीत उजव्या, डाव्या किंवा दोन्ही कानांत रेफर आलं आहे,' किंवा 'चाचणी पास आहे पण आम्हाला शंका आहे. आम्हाला निदानाची बेरा चाचणी हवी आहे, नैसर्गिक झोपेत. तुमच्याकडे तान्ह्या बाळांच्या चाचण्या होतात का? सगळ्यांत जवळची तारीख कोणती? आणि कोणी रद्द केलं तर आम्हाला बोलवाल का? आम्ही तासाभरात येऊ शकतो.' शेवटची दोन वाक्यं गाळू नका. आम्हाला पाच आठवडे पुढची तारीख मिळाली होती. त्या दोन वाक्यांमुळे नवव्या दिवशी सकाळी फोन आला.